लाल कंधारी, देवणी आणि ‘औषधी’ दूध

‘देशी गाईचे ए-२ दूध’ अशी पाटी लावून शहरांत चढ्या दराने दूध विकले जाते. या दुधाने मधुमेह हटतो, हृदयविकार टळतो, असेही सांगितले जाते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांना तर देशी गाईंच्या दोन नामांकित जातींचे माहेर लाभले आहे. त्यांचे खरे गुण कोणते आणि चिकटवलेले कोणते, हे पाहायला हवे.

कंधार तालुक्याचे नाव लावणारी लाल कंधारी गर्द तांबडी, मध्यम बांध्याची, लांब कानांची. लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाची गाय पांढरी-काळी. ती गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून घडली, असे मानतात. रंगावरून तिचे तीन प्रकार पडतात. तोंडाच्या बाजूला काळा रंग असलेली वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा आणि बहुतांशी पांढरी बालंक्या. लाल कंधारी एका वेतात सरासरी ६०० किलोच्या आसपास दूध देते, देवणी त्याहून थोडे जास्त. दुधात स्निग्धांश साधारण साडेचार टक्के.

दुधाचा हा आकडा होल्स्टीन गाईपुढे फारच लहान आहे. पण होल्स्टीन ही उत्तर जर्मनी आणि हॉलंडच्या थंड हवेतली. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिला धाप लागते, चारा कमी होतो आणि दूध आटते. देशी गाईच्या अंगावर आखूड, चमकदार केस असतात, मानेखाली सैल कातडी असते, घामाच्या ग्रंथी जास्त असतात. शिवाय तिच्या शरीरात मुळातच उष्णता कमी तयार होते. कडब्यावर, कमी पाण्यात ती तग धरते आणि तिचे बैल उन्हातही औत ओढतात. खरा गुण हा आहे.

आता ए-२ चे. दुधातील बीटा-केसीन हे प्रथिन २०९ अमिनो आम्लांची साखळी असते. तिच्या ६७व्या जागी प्रोलीन असेल तर ए-२, हिस्टिडीन असेल तर ए-१. फरक एवढाच. देशी गाईंत बहुतांशी ए-२ आढळते. म्हशीच्या दुधातही तेच असते. ए-१ पचताना निघणाऱ्या एका घटकावर संशय घेतला गेला होता. मात्र युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा त्याचा मधुमेह वा हृदयविकाराशी कार्यकारण संबंध सिद्ध झाला नाही. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे वेष्टनावरून काढण्यास सांगितले, पण काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. त्यामुळे ग्राहकाने स्वतःच सावध राहायचे आहे.

देशी दुधातही लॅक्टोज ही साखर असतेच. ज्यांना ती पचत नाही, त्यांचे पोट या दुधानेही बिघडू शकते. स्निग्धांश जास्त असल्याने उष्मांकही जास्त मिळतात. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून दुधावर विसंबणे धोक्याचे आहे. ‘शुद्ध’ म्हणून कच्चे धारोष्ण दूध पिणेही तसेच. त्यातून ब्रुसेलोसिससारखा, दीर्घकाळ ताप आणि सांधेदुखी देणारा आजार होऊ शकतो. दूध कोणत्याही गाईचे असो, उकळूनच प्यावे.

ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज घटली आणि जातिवंत वळूही कमी झाले. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय याच भागात आहेत. वळूची निवड, दुधाची नोंद, रेतन यांसाठी शेतकऱ्यांनी तेथील सल्ला घ्यावा. उन्हाळे तापत असताना उन्हाला टिकणारी जनावरे जपणे शहाणपणाचे आहे. त्यासाठी त्यांच्या दुधाला औषध ठरवण्याची गरज नाही. ते चांगले, सकस दूध आहे, एवढे पुरेसे आहे.