बुद्धिबळात मत कुठे संपतं आणि छळ कुठे सुरू होतो?

जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या विक आन झी इथे टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धा झाली. ती संपल्यावर नागपूरच्या दिव्या देशमुखची एक इन्स्टाग्राम पोस्ट व्हायरल झाली. दिव्या तेव्हा १८ वर्षांची होती. स्पर्धेतल्या काही डावांचा आपल्याला अभिमान वाटतो, पण प्रेक्षकांचं लक्ष डावाकडे नव्हतंच, ते कपडे, केस आणि बोलण्याच्या ढबीवर होतं, असं तिने लिहिलं होतं. पुढे जुलै २०२५ मध्ये याच दिव्याने महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

अशा पोस्टखाली एक उत्तर हमखास दिसतं, 'लोकांना मत मांडायचा हक्क आहे.' हेच वाक्य बुद्धिबळात इतरही अनेक वादांमध्ये वापरलं गेलंय. युद्धाला पाठिंबा देणारा खेळाडू, हिजाब घालायला नकार देणारी खेळाडू आणि प्रतिस्पर्ध्यावर चीटिंगचा संशय घेणारा माजी विश्वविजेता, या सगळ्यांच्या बाबतीत अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा मुद्दा पुढे आला.

पण ही सगळी प्रकरणं एकाच प्रकारची आहेत का? समजून घेऊया.

युद्धाला पाठिंबा आणि सहा महिन्यांची बंदी

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला केला. रशियन ग्रँडमास्टर सर्गेई कर्याकिनने सोशल मीडियावर आणि राष्ट्राध्यक्ष पुतिन यांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून या हल्ल्याला जाहीर पाठिंबा दिला. कर्याकिन मूळचा क्रिमियातला. आधी तो युक्रेनकडून खेळायचा, २००९ पासून रशियाकडून खेळू लागला. २०१६ मध्ये त्याने मॅग्नस कार्लसनला विश्वविजेतेपदाच्या लढतीत आव्हानही दिलं होतं.

२१ मार्च २०२२ ला फिडे, म्हणजेच आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नैतिकता आयोगाने त्याच्यावर सहा महिन्यांची बंदी घातली. आधार होता आचारसंहितेतल्या एका कलमाचा. खेळाची किंवा फिडेची बदनामी होईल असं वर्तन करू नये, असं हे कलम सांगतं.

याच सुनावणीत दुसरं एक नाव होतं, सर्गेई शिपोव्ह. या रशियन ग्रँडमास्टर आणि समालोचकानेही युद्धाच्या बाजूने वक्तव्यं केली होती. पण आयोगाने त्याला दोषी धरलं नाही. त्याची वक्तव्यं कमी चिथावणीखोर आहेत आणि तो कर्याकिनइतका प्रसिद्ध नाही, असं कारण दिलं गेलं.

इथेच वादाला तोंड फुटलं. खेळाडू किती प्रसिद्ध आहे यावर त्याच्या मताची शिक्षा ठरवायची का? बंदीच्या बाजूने असलेल्यांचं म्हणणं होतं की प्रसिद्ध खेळाडू खेळाचा चेहरा असतो, त्याच्या शब्दांचा परिणाम जास्त होतो. विरोधकांचं म्हणणं होतं की मत कितीही चीड आणणारं असलं तरी पटावर खेळण्याचा हक्क काढून घेणं हे खेळ संघटनेचं काम नाही.

यातली दुसरी बाजूही बघायला हवी. त्याच सुमारास रशियाच्या ४४ खेळाडूंनी पुतिन यांना पत्र लिहून युद्ध थांबवण्याची मागणी केली. यात इयान नेपोम्नियाचीसारखे अव्वल खेळाडू होते. लष्कराबद्दल 'खोटी माहिती' पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद रशियाने त्याच महिन्यात केली होती. म्हणजे एकाच देशातल्या दोन मतांपैकी एकाची किंमत होती सहा महिने स्पर्धेबाहेर राहणं आणि दुसऱ्याची किंमत तुरुंगापर्यंत जाऊ शकत होती.

एका बंदीमुळे विश्वविजेता बदलला

या निर्णयाचा परिणाम भारतापर्यंत पोहोचला. कर्याकिन २०२२ च्या कँडिडेट्स स्पर्धेसाठी पात्र ठरला होता. विश्वविजेत्याला कोण आव्हान देणार हे या स्पर्धेतून ठरतं. बंदीमुळे त्याची जागा रिकामी झाली आणि रेटिंगच्या आधारावर ती चीनच्या डिंग लिरेनला मिळाली. कोव्हिडमुळे डिंगचे पुरेसे डाव झाले नव्हते, म्हणून चीनमध्ये त्याच्यासाठी घाईघाईने सामने भरवावे लागले.

डिंग कँडिडेट्समध्ये दुसरा आला. कार्लसनने विजेतेपद राखण्यासाठी खेळायला नकार दिला, त्यामुळे पहिल्या दोघांमध्ये लढत झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये डिंग विश्वविजेता झाला. त्याच डिंगला डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरमध्ये हरवून भारताचा डी. गुकेश विश्वविजेता बनला. कोणाला बोलू द्यायचं आणि कोणाला खेळू द्यायचं, हा प्रश्न फक्त तात्त्विक नाही, तो असा.

हिजाबला नकार देणं हे राजकारण आहे का?

पुण्याची सौम्या स्वामिनाथन ही २००९ ची ज्युनियर विश्वविजेती. २०१८ मध्ये इराणमधल्या हमादान शहरात आशियाई सांघिक स्पर्धा होणार होती. इराणच्या कायद्यानुसार महिलांना डोकं झाकणं सक्तीचं होतं. सौम्याने फेसबुकवर जाहीर करून भारतीय संघातून माघार घेतली. ही सक्ती आपल्या अभिव्यक्तीच्या, विवेकाच्या आणि धर्माच्या स्वातंत्र्याचं उल्लंघन आहे, अशी तिची भूमिका होती.

त्याआधी २०१७ मध्ये तेहरानमध्ये महिलांची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा अमेरिकेच्या नाझी पैकिद्झेने याच कारणासाठी बहिष्कार टाकला होता. भारताच्या हरिका द्रोणवल्ली आणि पद्मिनी राऊत मात्र तिथे खेळल्या आणि हरिकाने कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी युक्रेनची अॅना मुझिचुक सौदी अरेबियातल्या स्पर्धेला गेली नाही. यामुळे रॅपिड आणि ब्लिट्झ या दोन्ही प्रकारांतली तिची विश्वविजेतेपदं गेली.

इराणच्या खेळाडूंनी मोजलेली किंमत आणखी मोठी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि देशभर आंदोलनं पेटली. डिसेंबरमध्ये कझाकस्तानातल्या अल्माटी इथे जागतिक स्पर्धेत सारा खादेम हिजाब न घालता खेळली. त्यानंतर ती स्पेनला गेली आणि जुलै २०२३ मध्ये तिला तिथलं नागरिकत्व मिळालं.

इराणी पंच शोहरे बयातलाही हिजाबच्या वादामुळे २०२० मध्ये देश सोडून ब्रिटनमध्ये आश्रय घ्यावा लागला होता. २०२२ मध्ये आइसलँडमधल्या एका स्पर्धेत ती 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' अशी घोषणा लिहिलेला टी-शर्ट घालून आली. यामुळे आपल्याला फिडेच्या पंच आयोगातून वगळण्यात आलं, असं तिने नंतर सांगितलं. पंचाने कामावर असताना घोषणा मिरवू नयेत, अशी फिडेच्या अध्यक्षांची भूमिका होती.

म्हणजे 'खेळात राजकारण नको' हा नियम वाटतो तितका सोपा नाही. स्पर्धा कुठे भरवायची आणि तिथे कोणते कपडे घालायचे, हे ठरवणं राजकारण मानलं जात नाही. त्यावर कोणी बोललं की ते मात्र राजकारण ठरतं.

संशय व्यक्त करणं म्हणजे छळ का?

माजी विश्वविजेता व्लादिमीर क्रामनिक गेली काही वर्षं ऑनलाइन बुद्धिबळातल्या चीटिंगबद्दल जाहीरपणे बोलतोय. आकडेवारी मांडत त्याने अनेक खेळाडूंबद्दल शंका घेतल्या. त्यात अमेरिकेचा लोकप्रिय ग्रँडमास्टर आणि स्ट्रीमर डॅनियल नारोडित्स्की होता, तसाच चेक ग्रँडमास्टर डेव्हिड नवाराही. नारोडित्स्कीने हे आरोप कायम फेटाळले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या २९व्या वर्षी नारोडित्स्कीचं निधन झालं. बुद्धिबळविश्व हादरलं. पुढच्याच महिन्यात फिडेने नारोडित्स्की आणि नवारा यांच्याबद्दलच्या क्रामनिकच्या जाहीर वक्तव्यांबाबत स्वतःच्याच नैतिकता आयोगाकडे तक्रार केली. आपण छळ केला नाही, फक्त प्रश्न विचारले, असं क्रामनिकचं म्हणणं आहे.

कोणाच्या मृत्यूचा थेट संबंध अशा आरोपांशी जोडणं चुकीचं ठरेल. पण त्या मृत्यूशिवायही प्रश्न उरतोच. चीटिंग हा खरा प्रश्न आहे आणि शंका घेण्याची मुभा असायलाच हवी. त्यासाठी तक्रार नोंदवता येते, पुरावे देता येतात, समोरच्याला उत्तर द्यायची संधी मिळते. तेच काम महिनोन् महिने फॉलोअर्ससमोर केलं, तर निकाल आधीच लागलेला असतो आणि समोरच्याने निर्दोष असल्याचं रोज नव्याने सिद्ध करत बसायचं, अशी अवस्था होते.

महिला खेळाडूंच्या तक्रारींचं काय होतं?

महिलांना पटापासून दूर ठेवण्याचा इतिहास जुना आहे आणि त्यात मुंबईचं एक महत्त्वाचं पान आहे. १९७६ मध्ये १३ वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर महिलांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून रोखता येणार नाही, असा निर्णय फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनी दिला.

दार उघडलं, पण आतलं वातावरण बदलायला वेळ लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेची दोन वेळची राष्ट्रीय विजेती जेनिफर शहाडेने एका ग्रँडमास्टरवर लैंगिक अत्याचाराचा जाहीर आरोप केला. त्यानंतर इतरही महिला पुढे आल्या. काही तक्रारी संबंधित संस्थांना आधीपासून माहीत होत्या, अशी बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने दिली. त्या ग्रँडमास्टरने क्लबमधलं पद सोडलं. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्समधल्या आघाडीच्या महिला खेळाडूंनीही खुलं पत्र लिहून छळाचे अनुभव मांडले.

मत, आरोप आणि छळ: फरक कसा ओळखायचा?

वरची सगळी उदाहरणं एकत्र पाहिली तर तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

मत हे एखाद्या धोरणाबद्दल, सरकारबद्दल, घटनेबद्दल असतं. कर्याकिनचा युद्धाला पाठिंबा आणि सौम्याचा हिजाबला नकार, दोन्ही या गटात येतात. त्यातलं एक आपल्याला पटेल, दुसरं संताप आणेल. पण आवडत्या मतासाठी एक नियम आणि नावडत्यासाठी दुसरा, असं चालत नाही.

आरोप हा एखाद्या व्यक्तीने काहीतरी केल्याचा दावा असतो. तो खरा किंवा खोटा ठरू शकतो, म्हणून त्याला पुरावा आणि चौकशी लागते. शहाडेचा आरोप आणि क्रामनिकच्या शंका, दोन्हींना ही कसोटी लागू होते.

छळ हा माणसावर केलेला मारा असतो. एखाद्याच्या शरीरावर, लिंगावर, ओळखीवर किंवा मनःस्वास्थ्यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवणं, त्याला खेळ नकोसा होईल असं वागणं. त्यात मुद्दा खोडायचा नसतो, माणसाला उठवून लावायचं असतं.

एक गोष्ट दुसरीत बदलूही शकते. 'तुझी चाल चुकली' हे मत. 'तू इंजिन वापरलंस' हा आरोप. चौकशीत काही न सापडताही रोज तेच म्हणत राहणं आणि फॉलोअर्सना मागे लावणं, हा छळ.

पण अभिव्यक्ती स्वातंत्र्य तर घटनेने दिलंय ना?

दिलंय. राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये ते आहे. पण हे संरक्षण प्रामुख्याने सरकारपासून आहे. फिडे ही स्वित्झर्लंडमध्ये नोंदणी झालेली संघटना आहे आणि तिच्या स्पर्धेत उतरणारा प्रत्येक जण तिचे नियम मान्य करतो. त्यामुळे फिडे शिक्षा करूच शकत नाही, असं म्हणता येत नाही. नियम स्पष्ट आहे का आणि सगळ्यांना सारखा लागतो का, हे मात्र विचारता येतं. 'खेळाची बदनामी' या शब्दांत काहीही बसवता येतं, ही या कलमाची मोठी अडचण आहे.

भारतात तक्रार कुठे करता येते?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातला २०१३ चा कायदा, म्हणजे पॉश कायदा, फक्त ऑफिसपुरता नाही. कायद्यातल्या 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम आणि क्रीडा संकुलंही येतात. तक्रार करणारी महिला तिथली कर्मचारी असलीच पाहिजे, असं बंधन नाही. लैंगिक स्वरूपाची शेरेबाजीही छळाच्या व्याख्येत येते.

संस्थेत अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, असं कायदा सांगतो. खेळाडू १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायदा लागू होतो. बुद्धिबळात शाळकरी खेळाडूंची संख्या मोठी असल्याने पालकांना हे माहीत असणं गरजेचं आहे.

खरा प्रश्न वेगाचा

युद्ध सुरू झाल्यापासून कर्याकिनवर बंदी येईपर्यंत चार आठवडेही लागले नाहीत. क्रामनिकच्या वक्तव्यांविरोधात फिडेने तक्रार केली तोवर त्याने लक्ष्य केलेला एक खेळाडू या जगात नव्हता. महिलांच्या काही तक्रारी तर वर्षानुवर्षं पडून राहिल्या.

याचं एक कारण समजण्यासारखं आहे. जाहीर वक्तव्य सिद्ध करावं लागत नाही, ते सगळ्यांसमोर असतं. छळाच्या तक्रारीत दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, गोपनीयता पाळावी लागते आणि आरोप झालेल्यालाही न्याय मिळायला हवा. पण मग अडचण कायद्याची नाही, यंत्रणेची आहे. अशा तक्रारींसाठी वेगळे प्रशिक्षित लोक, ठरलेली मुदत आणि तक्रारदाराला सुरक्षितता देणारी पद्धत हवी. संस्थेची प्रतिमा धोक्यात आली की नियम धावतात, खेळाडू धोक्यात आला की कागद फिरत राहतात, हे चित्र बदललं नाही तर त्या नियमांवर खेळाडूंचा विश्वास बसणार नाही.