आजीची बांग

"मगरिबची बांग झाली, दिवा लावा," असं रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या घरांत आजीच आता म्हणते. मुलं हसतात, त्यांना 'अजान' शिकवलेली. पण बांग हा अडाणी शब्द नव्हे, अस्सल फारसी आहे! नमाज, रोजा, पैगंबर हेही फारसीच. अरबीत सलात, सौम, रसूल.

बहमनी नि आदिलशाही दरबारांत फारसी चाले आणि दाभोळ हे त्यांचं मोठं बंदर. त्यामुळे घाटावरून आणि समुद्रावरून, दोन्हीकडून ही भाषा आमच्यात उतरली. नाखवा म्हणजे 'नाव-खुदा', जहाजाचा धनी. बंदर, दर्या फारसीच. ईदच्या शीरखुर्म्यातलं शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. वाक्याची बांधणी मात्र कोकणीच राहिली.

आता शाळेत उर्दू, कचेरीत मराठी, मुंबईत हिंदी. घरची बोली कुठे बोलायची?

गेल्या रमजानात आम्ही आजीचे शब्द वहीत उतरवायला बसलो. अब्बा म्हणाले, उर्दूत लिहा. मुलगी म्हणाली, देवनागरीत. वाद रंगला, वही कोरीच. आजीला दोन्ही वाचता येत नाहीत.