जुनी ताडपत्री आणि समुद्रावरचं शीड

आज बोलणार आहे शिडाबद्दल. तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या वैनगंगेत कुठलं आलं शीड? बरोबर आहे. आपला डोंगा बांबूने रेटायचा, नाहीतर वल्ह्याने हाकायचा. वाऱ्यावर चालणारी नाव म्हणजे कोकणातली गोष्ट. पण त्या शिडाची एक नात आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. तिचं नाव ताडपत्री.

पूर्वी जहाजाची शिडं जाड सुती नाहीतर तागासारख्या धाग्याच्या कापडाची असत. ऊन, खारं पाणी आणि वारा खाऊन कापड ताणलं जाई, वारा नीट धरेनासं होई. मग शीड उतरवायचे, पण फेकत नसत. किनारी, घड्या आणि दोरीच्या भोकांजवळ कापड जाई. मधला भाग चांगलाच असे. खलाशी तोच कापून पिशव्या, झोळ्या, विजारी शिवत. काहींनी त्यावर डांबर चोपडलं आणि पावसात अंगावर घेतलं. डांबराला इंग्रजीत टार म्हणतात. त्या डांबरी कापडाचं टारपॉलिन झालं आणि आपल्या तोंडी त्याचीच ताडपत्री झाली. असंच एक जाड सुती कापड मुंबईच्या डोंगरीच्या नावाने जगभर गेलं असं मानतात. इंग्रजीत कामकऱ्यांच्या जाड विजारीला डंगरी म्हणतात, ते त्यावरूनच.

कोकणातले कोळी सुती जाळी कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवत. पुढे नायलॉन आलं आणि ते काम संपलं. ऐन तर आपल्या जंगलात पावलोपावली आहे. सुती ताडपत्री तुमच्याकडे असेल तर हा काढा अजूनही उपयोगी आहे. साल उकळायची, पाणी लालसर तपकिरी झालं की कापड रात्रभर बुडवायचं आणि सावलीत वाळवायचं. साल मात्र पडलेल्या झाडाची घ्या. उभ्या ऐनाला हात लावू नका.

आता आपल्या ताडपत्रीकडे येऊ. धान झाकायला आणलेली, ट्रकवरून उतरलेली, राईस मिलमधून आलेली, अशी फाटकी ताडपत्री घरोघरी कोपऱ्यात पडलेली असते. ती कापण्याआधी उन्हाकडे धरा. बारीक बारीक उजेड दिसला तर पाणी थांबणार नाही, तो भाग सावलीच्या कामाला ठेवा. दोन्ही हातांनी ओढून पाहा. टरकन फाटली किंवा हाताला पापुद्रे लागले, तर उन्हाने ती खाल्ली आहे, तिच्यावर मेहनत करू नका. आणि एक विचारा: हिच्यावर आधी काय ठेवलं होतं? खत, फवारणीचं औषध किंवा कोळसा असेल, तर कितीही धुतली तरी धान्याला आणि मोहाला ती चालणार नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुराकडच्या बायांनी हे जास्त ध्यानात ठेवावं, कारण तिथे कोळशाच्या ट्रकची ताडपत्री सहज मिळते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मोहाचं काम. मार्च-एप्रिलमध्ये आपण पहाटेच निघतो. फुलं पाचोळ्यात हरवतात, म्हणून झाडाखाली आग लावून जागा साफ करायची पद्धत आहे. ती आग कधी कधी झाडाखाली थांबत नाही, पुढे जंगलात जाते. शिवाय मोहाची रोपटी त्यात जळतात. आज म्हातारे मोह पुष्कळ दिसतात, पोरसवदा कमी, त्याचं हे एक कारण आहे. दुसरी गोष्ट वाघाची. तासन्‌तास वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस म्हणून चटकन ओळखू येत नाही, असं जाणकार सांगतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या भागांत हे कोणाला समजावून सांगायला नको. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या.

झाडाखाली कापड बांधलं की आग लावावी लागत नाही, आणि वाकून राहण्याचा वेळही बराच वाचतो. चार बांबूच्या खुंट्या गुडघ्याइतक्या उंच रोवा. कापड त्यांना असं बांधा की मधोमध झोळ येईल. फुलं घरंगळत मध्ये जमतात. पण प्लास्टिकची ताडपत्री असेल तर रात्रीचं दव तिच्यात साचतं आणि फुलं आंबतात. म्हणून झोळाच्या जागी वितभर चौकोन कापा आणि तिथे जुन्या मच्छरदाणीचा तुकडा शिवा. जुन्या नायलॉनच्या साड्या जोडल्या तर हा प्रश्नच येत नाही. उजाडल्यावर चार-पाच जणींनी मिळून जावं, आवाज करत जावं, कापडाची टोकं उचलून फुलं टोपलीत घ्यावीत आणि घरी यावं. वाघाचा धोका याने संपत नाही, पण जंगलात राहण्याचा वेळ कमी होतो. वाळवताना मात्र मोह प्लास्टिकवर पसरू नका, खालून घाम धरतो. सुती कापड किंवा बांबूचं तट्टं चांगलं. माती-राख नसलेल्या मोहाला व्यापाऱ्याशी भाव बोलतानाही जोर येतो.

कोपरा बांधायचं कसब शिकून घ्या. जुन्या ताडपत्रीची भोकं फाटलेली असतात, नवीन भोक पाडलं तर तेही फाटतं. भोक पाडूच नका. नदीतला सुपारीएवढा गोल खडा घ्या, तो कोपऱ्याच्या आत ठेवा, कापड त्याच्यावरून ओढा आणि गळ्याशी दोरीने करकचून बांधा. वारा जितका ओढेल तितकी गाठ घट्ट होते.

शिवणाचं थोडं सांगते. प्लास्टिकवर बारीक टाका घालू नका. जवळजवळ भोकं पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं ते सरळ रेषेत फाटतं. लांब टाका, जाड सुई, नायलॉनचा दोरा. दोन्ही कडा एकमेकींत अडकवून त्यावर दोन शिवणी घाला. शिडं शिवणारे असंच करत. ते दोऱ्याला मेण लावत. आपल्याकडे मधाच्या पोळ्याचं मेण मिळतं, तेच चोळा. शिवणीची भोकंही त्याने बुजतात. जिथे चार पदर येतात तिथे घरची शिलाई मशीन दमते, सुई मोडते. तेवढं दाभणाने हाती शिवा.

रोवणीसाठी खोळ करा. आपण पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात घालून डोक्यावर घेतो, तसंच. फरक इतकाच की गळ्याशी आणि कमरेशी नाडी शिवायची, म्हणजे बांधीत वाकल्यावर ती पुढे येत नाही आणि दोन्ही हात पऱ्ह्यांसाठी मोकळे राहतात. लांबी गुडघ्याच्या वरच ठेवा, नाहीतर चिखल ओढत फिराल. ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांनी दोन मीटर लांब, मीटरभर रुंद आणि वीतभर खोल खड्ड्यात दुहेरी ताडपत्री अंथरून अझोला वाढवावा. भोकं असतील तर दोन पदरांची भोकं एकावर एक येऊ देऊ नका.

पिशव्या करून विकाव्यात का, असं बरेच गट विचारतात. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच शहरात १९९३ साली दोन भावांनी जुन्या ट्रकच्या ताडपत्रीच्या पिशव्या शिवायला घेतल्या. पट्ट्यासाठी गाडीचा सीटबेल्ट, किनारीला सायकलची ट्यूब. आज त्यांची फ्रायटाग नावाची मोठी कंपनी आहे. अमेरिकेत जुन्या शिडांच्या पिशव्या करणारे आहेत. पण तिथला गिऱ्हाईक प्रत्येक पिशवी वेगळी दिसते याचे पैसे देतो. आपल्या आठवडी बाजारात बाई पिशवी उचलून बघते, पट्टा ओढते आणि नवीन प्लास्टिकच्या पिशवीशी भाव जुळवते. म्हणून माझं मत असं की आधी आपल्या गरजेचं शिवा. मग धान्याच्या दुकानदाराला, फळीवाल्याला विचारून मागणी असेल तेवढंच करा. धुण्याचा, कापण्याचा वेळही मजुरीत धरा. तोच नेहमी विसरला जातो.

राहिला फ्लेक्स. निवडणूक झाली की गावात फ्लेक्सच फ्लेक्स. तो ताडपत्रीसारखा दिसतो, पण त्याचं प्लास्टिक वेगळं आहे. त्यावर धान्य, मोह, चारोळी, पापड काही वाळवू नका. चुलीत तर मुळीच घालू नका, त्याचा धूर विषारी असतो. शेळ्यांच्या गोठ्याला पावसाच्या बाजूने तो छान चालतो. शेळ्यांच्या तोंडाला लागणार नाही इतका वर बांधा. पुढाऱ्याचं तोंड आत ठेवायचं की बाहेर, ते शेळ्यांना विचारा.