मशीन चालू आहे, पण जखम भरतेय का? व्हॅक ड्रेसिंग घरी आणल्यावर रोज काय बघायचं

अलोरे (ता. चिपळूण) : पावसाळा आला की आपल्याकडे पायाच्या जखमा वाढतात. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरल्यावर काटा, काच, पत्रा लागतो. गवत कापताना विळा बसतो. फुरसं चावल्यावर कधी कधी त्या जागचं मांस खराब होतं. घरातल्या माणसाला शुगर असेल तर साधा फोडसुद्धा महिनोन्‌महिने चिघळत राहतो. कारण शुगरमुळे पायाची संवेदना कमी होते आणि लागलेलं कळतच नाही.

अशा मोठ्या, खोल जखमेसाठी डॉक्टर हल्ली 'व्हॅक लावू या' असं सांगतात. अलोरे, शिरगाव, पोफळी परिसरातला पेशंट चिपळूणला, कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, डेरवणला, नाहीतर कुंभार्ली घाट चढून कराडला जातो. काही दिवस तिथं राहून कधी कधी मशीन घेऊनच घरी येतो. मग घरच्यांना वाटतं, मशीन चालू आहे ना, आता काळजी नाही. गडबड होते ती इथंच. मशीन जखमेला मदत करतं. जखम भरतेय की बिघडतेय, हे मात्र माणसालाच बघावं लागतं.

व्हॅक म्हणजे नेमकं काय?

डॉक्टरी भाषेत याला निगेटिव्ह प्रेशर थेरपी म्हणतात. जखम साफ करून तिच्या आकाराचा स्पंज कापून आत बसवतात. त्यावर पारदर्शक चिकट फिल्म लावून सगळीकडून हवाबंद करतात. फिल्मला छोटं भोक पाडून नळी जोडतात. नळीचं दुसरं टोक मशीनच्या डब्याला असतं. मशीन हवा ओढून घेतं, स्पंज आक्रसतो आणि जखमेतलं घाण पाणी नळीतून डब्यात येतं.

यातून तीन गोष्टी साधतात. साचलेलं पाणी निघून गेल्यानं सूज कमी होते. जखमेच्या कडा आत ओढल्या जातात. आणि हलक्या ताणामुळं तळाशी नवं लाल मांस धरायला मदत होते. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातले डॉक्टर लुई आर्जेंटा आणि संशोधक मायकेल मोरिक्वास यांनी १९९७ साली या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केले आणि त्यानंतर ती जगभर पसरली. बहुतेक ठिकाणी दाब १२५ ठेवतात. हा आकडा बीपीच्या मशीनसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो. फक्त इथं दाबायचं नसून ओढायचं असतं. पेशंटला जास्त दुखत असेल किंवा जखम नाजूक असेल तर डॉक्टर तो कमी करतात. आपल्या मनानं बटण फिरवायचं नाही.

विहिरीवरच्या पंपाचं उदाहरण घ्या

विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शन पाइपला कुठं हवा लागली तर काय होतं? मोटार घरघरत राहते, लाइटबिल चढतं, पण पाणी वर येत नाही. व्हॅकचं अगदी तसंच आहे. फिल्मची कड सुटली, नळी अंगाखाली दबली किंवा डबा भरला की मशीन चालू दिसतं, पण जखमेतलं पाणी ओढलं जात नाही. ते स्पंजमध्येच साचतं. हवाबंद जखमेत घाण पाणी साचून राहणं हे साध्या ड्रेसिंगपेक्षा वाईट, कारण जंतूंना तीच जागा सोयीची.

म्हणून मशीनच्या आवाजावर विसंबू नका. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं काढून पुढच्या चार गोष्टी बघा.

१) स्पंज बसलेला आहे का? दाब नीट असेल तर स्पंज आक्रसून सुरकुतलेला आणि हाताला कडक लागतो. तो फुगून मऊ झाला असेल तर कुठंतरी हवा शिरतेय. फिल्मच्या कडेनं कान लावला तर सूं सूं आवाज येतो. सुटलेली कड कोरडी करून जादा फिल्म वरून लावता येते. घरी येण्यापूर्वी हे सिस्टरकडून शिकून घ्या.

२) डब्यात काय येतंय? पाणी किती आलं आणि रंग कसा, हे वहीत तारखेसह लिहा. सुरुवातीला गुलाबीसर किंवा पिवळसर पातळ पाणी येणं स्वाभाविक आहे. दिवसागणिक ते कमी व्हायला हवं. कमी झालेलं पाणी अचानक वाढलं, दाट, हिरवट झालं किंवा घाण वास येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पाणी एकदम शून्यावर आलं तर आधी नळी तपासा. ती दुमडलेली किंवा तुंबलेली असू शकते.

३) आजूबाजूची कातडी कशी आहे? जखमेभोवती लाली पसरतेय का, गरम लागतंय का, फोड आलेत का, कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी झालीय का? स्पंज चांगल्या कातडीवर चढलेला नसावा. तिथं तो नवी जखम करतो.

४) पेशंट कसा आहे? ताप, थंडी, वाढतं दुखणं, उलटी, भ्रम, जेवणावरची वासना जाणं हे सगळं जखमेशी जोडलेलं असू शकतं. शुगर अचानक चढली तर तीही जंतुसंसर्गाची खूण असते. शुगरवाल्या माणसाला पाय दुखत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं समजू नका.

जखम भरतेय हे कसं कळणार?

साधारण ४८ ते ७२ तासांनी, म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा, ड्रेसिंग बदलावं लागतं. ते डॉक्टर किंवा शिकलेल्या सिस्टरनीच करायचं. स्पंज जास्त दिवस ठेवला तर नवं मांस त्यात शिरतं आणि काढताना रक्त येतं.

ड्रेसिंग उघडलं की तळाचा रंग बघा. लाल, ओलसर, दाणेदार मांस ही चांगली खूण. पिवळा, बुळबुळीत थर वाढत असेल किंवा काळा भाग दिसत असेल तर जखम पुन्हा साफ करावी लागते. मृत मांसावर व्हॅकचा उपयोग नाही.

आठवड्यातून एकदा लांबी, रुंदी आणि खोली मोजून मागा. समजा पहिल्या दिवशी जखम ६ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद होती, म्हणजे २४ चौरस सेंटिमीटर. शुगरच्या पेशंटच्या पायाची जखम चार आठवड्यांत साधारण निम्मी व्हावी, हा डॉक्टरांचा वापरातला अंदाज आहे. म्हणजे ती १२ च्या आसपास यायला हवी. तेवढी उतरली नाही तर नुसतं मशीन पुढं चालू ठेवण्यात अर्थ नसतो. पायाचा रक्तपुरवठा, हाडातला जंतुसंसर्ग, शुगर आणि पायावर पडणारं वजन हे सगळं नव्यानं तपासायला सांगा.

मोबाइल इथं खरा कामाला येतो. प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी, जखमेशेजारी पट्टी धरून, एकाच अंतरावरून आणि चांगल्या उजेडात फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक जाणवत नाही. दोन आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसतो. मात्र फोटोसाठी घरी ड्रेसिंग उघडू नका. आणि फोटो पाठवला म्हणजे तपासणी झाली, असंही नाही.

आणखी एक गोष्ट. आत किती स्पंज घातले, हा आकडा फिल्मवर मार्करनं लिहून घ्या आणि वहीतही नोंदवा. काढताना तेवढेच निघाले का, ते मोजायला सांगा. दोन घातले आणि एकच निघाला तर दुसरा आत राहून जखम सडवतो. ड्रेसिंग करणारी व्यक्ती दर वेळी वेगळी असेल तर हा आकडाच कामाला येतो.

रक्त दिसलं तर

या मशीनचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे रक्तस्राव. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ आणि २०११ मध्ये याबद्दल इशारे दिले होते. तिथं नोंदलेले मृत्यू बहुतेक घरी किंवा दीर्घकाळ देखभाल करणाऱ्या केंद्रांत झाले होते, आणि सर्वांत गंभीर कारण रक्तस्राव होतं.

नळीत किंवा डब्यात लालभडक रक्त वेगानं येताना दिसलं तर लगेच मशीन बंद करा. ड्रेसिंग काढू नका. वरून स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा, पाय उंच ठेवा आणि १०८ ला फोन लावा. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

पेशंट रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, उदाहरणार्थ हार्टची अँजिओप्लास्टी झाल्यावर, तर हे मशीन लावण्याआधीच डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र आपणहून बंद करू नका. उघडी रक्तवाहिनी, जखमेतला कॅन्सर किंवा उपचार न झालेला हाडाचा जंतुसंसर्ग असेल तर व्हॅक लावत नाहीत.

लाइट गेली तर?

कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचं वीजघर अलोऱ्यात आहे. पण वीजनिर्मिती उशाशी असली तरी वादळवाऱ्यात लाइट जायची ती जातेच. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर कुणी विसरलेलं नाही. तेव्हा लाइट, रस्ता, फोन सगळंच तुटलं होतं.

नियम असा की २४ तासांत मशीन एकूण २ तासांपेक्षा जास्त बंद राहू नये. त्याहून जास्त वेळ बंद राहिलं तर स्पंज काढून साधं ओलं ड्रेसिंग करावं लागतं. म्हणून घरी येतानाच विचारून घ्या : बॅटरी किती तास चालते, चार्ज किती वेळात होते, रात्री फोन कुणाला करायचा? आणि स्पंज काढून साधं ड्रेसिंग कसं करायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. घाट किंवा रस्ता बंद झाला तर तो कागद घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाता येईल. पावसाचा जोर असेल आणि ड्रेसिंगसाठी आठवड्यातून दोनदा गाडी मिळणं कठीण असेल, तर तेही आधीच स्पष्ट सांगा. अशा वेळी काही दिवस ॲडमिट राहणं किंवा साधं ड्रेसिंग करणं जास्त सुरक्षित ठरू शकतं.

खर्चाचं आधी विचारा

मशीनचं भाडं वेगळं, स्पंज-फिल्मचा संच वेगळा, डबा वेगळा आणि ड्रेसिंग बदलण्याची फी वेगळी असू शकते. चार आठवड्यांचा एकूण अंदाज लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आणि हेही लक्षात असू द्या की व्हॅक प्रत्येक जखमेला लागतंच असं नाही. शुगरच्या पायाच्या जखमांत त्याचा फायदा दिसला आहे, पण त्याचा पुरावा अजून फार भक्कम नाही. शुगर आटोक्यात ठेवणं, जखमेच्या पायावर वजन न टाकणं, बिडी-तंबाखू-मिश्री बंद करणं आणि अंडी, मासे, डाळ, कुळीथ असं प्रथिनांचं जेवण देणं यावाचून कुठलंही मशीन जखम भरून आणत नाही. किडनीचा त्रास असेल तर जेवणाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

घरातल्या एका माणसावर ही जबाबदारी सोपवा. मुलगा, सून, नातू, कुणीही चालेल, पण ठरलेला एकच. त्याच्याकडं वही, पट्टी, फोटो आणि डॉक्टरांचा नंबर असू दे. पुढच्या तपासणीला जाताना वही सोबत न्या. 'बरं वाटतंय' यापेक्षा 'गेल्या सोमवारी २० होती, आज १७ आहे' हे ऐकून डॉक्टरांना पुढचा निर्णय लवकर घेता येतो.