पोलाद विलायती, मूठ आपली!

मोबाइलला आपल्या फोटोचं कव्हर, बाइकवर आडनाव, लॅपटॉपवर स्टिकर. वस्तू कंपनीची, पण दिसायला हवी 'आपली'! हा फंडा नवा वाटत असेल, तर माझ्या एका मित्राचं रिव्हॉल्व्हर बघा. म्हणजे, बघायला मिळणार नाही. तो कुणाला दाखवत नाही.

खराडीत कोडिंग करणाऱ्या या पठ्ठ्याकडे आजोबांचं विलायती रिव्हॉल्व्हर आलं. लोखंडावर बारीक वेलबुट्टी कोरलेली. वारसाहक्काने आलं तरी लायसन्स स्वतःच्या नावाचं लागतंच. आधी पोलिस आयुक्तालयाच्या चकरा झाल्या. त्या संपल्यावर लक्षात आलं, की मुठीची काळी ग्रिप तडकलीय.

साहेबांना हवी होती हस्तिदंताची. अमेरिकेच्या जनरल पॅटनने १९१६ मध्ये घेतलेल्या नक्षीदार कोल्टला होती ना, तश्शी! पण भारतात देशी हस्तिदंताचा व्यापार १९८६ मध्ये आणि आफ्रिकन हस्तिदंताचा १९९१ मध्ये कायद्याने बंद झाला. विषय संपला. मग शिसवी लाकूड ठरलं.

वाटतं तितकं हे सोपं नाही हं. रिव्हॉल्व्हर उचलून सुताराकडे ठेवलं, असं चालत नाही. शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणून परवानाधारक कारागिराने जुन्या ग्रिपच्या दोन फळ्या काढून दिल्या आणि सुताराकडे गेल्या फक्त त्या. त्यांच्यावरून नव्या कापायच्या, आतून पोखरायच्या, मधल्या एकाच स्क्रूवर दोन्ही घट्ट बसवायच्या. लाकूड पुरतं वाळलेलं हवं, नाहीतर पुण्याच्या पावसाळ्यात फुगून बसेल. शेवटची घासाई पुन्हा परवानाधारकाकडेच, कारण कानस जरा घसरली की शंभरेक वर्षांच्या नक्षीवर ओरखडा! आणि हो, लोखंडावर एवढी वेलबुट्टी असताना लाकूड साधंच छान दिसतं. दोघांनी एकदम बोलायचं नसतं.

परदेशी पोलादाला आपली मूठ, ही खरंतर अस्सल मराठी आवड. मराठ्यांच्या 'फिरंग' तलवारीचं पातं युरोपातून यायचं, त्याला मूठ मात्र इथल्या पद्धतीची चढायची. नागपूरकर भोसले घराण्याचे पहिले रघुजी राजे यांची अशीच फिरंग राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाखांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपियन, मूठ मुल्हेरी घाटाची, त्यावर सोन्याची नक्षी. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने राजांचं नाव. कस्टमायझेशन म्हणतात ते हेच! बाजीराव रोडजवळच्या केळकर संग्रहालयात जाल तेव्हा शस्त्रांची पाती सोडा, मुठी बघा. आपल्या हाताला त्या लहान वाटतात आणि उगाच ओशाळायला होतं.

मित्राची खरी अडचण मात्र पुढे आली. जुन्या ग्रिपच्या डाव्या फळीवर अंगठ्याएवढा खोलगट डाग होता. वर्षानुवर्षं पकडून झिजलेला. सुताराने विचारलं, "दादा, हे भरून सरळ करू, तुमच्या हाताचं माप घेऊन? की हे असंच उतरवू?"

हा गप्प. आजोबा गेले तेव्हा तो आठवीत होता. त्यांचा आवाजही नीट आठवत नाही, असं त्याने मला गाडीत सांगितलं. आणि नव्या मुठीची हौस तर त्याचीच होती! आपलं नाव, आपली पकड, आपलं सगळं. दोन दिवस त्याने सुताराचा फोन घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाला, "उजवी माझ्या मापाची करा. डावी आहे तशीच उतरवा, खड्ड्यासकट."

फळ्या सध्या जवसाचं तेल पिऊन सुकताहेत. जुनी ग्रिप त्याने टाकलेली नाही. संग्राहकांच्या लेखी मूळ भाग जवळ असला की वस्तूची किंमत टिकते, हे त्याला आता कळलंय. पण ती ठेवलीय कपाटात, आजोबांच्या चष्म्याच्या डबीत.