जिभेची आग आणि नागपूरचं ऊन

‘उष्णता झाली’ हे नागपुरातलं सर्वांत स्वस्त निदान आहे. जीभ लालभडक झाली, चरचरू लागली, सावजीचा रस्सा सोडाच, साधी फोडणीची भाजीही झोंबू लागली की घरातलं कुणीतरी हे निदान करून मोकळं होतं. पुढचा उपचारही सगळ्यांना पाठ असतो: सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी आणि चौकातल्या औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची एक स्ट्रिप. आठवड्याभरात बरं वाटलं तर निदान खरं ठरतं. नाहीच वाटलं तर उष्णता जरा जास्तच होती, असं ठरतं. कधी खोटं ठरूच शकत नाही, अशा या निदानाचं खरं नुकसान म्हणजे ते पुढची चौकशी बंद करून टाकतं. जिभेची सूज हा बहुतेक वेळा दुसऱ्या कशाचा तरी परिणाम असतो आणि ते दुसरं काहीतरी शोधायचं राहून जातं.

या शहरात हा समज इतका घट्ट का, हे कळायला अवघड नाही. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. एवढ्या उन्हात शरीर ‘आतून तापतं’ असं वाटणं साहजिक आहे. पण बाहेर ४७ असताना निरोगी माणसाच्या शरीराचं तापमान ३७ च्या आसपासच असतं, घाम येतो तो त्यासाठीच. ते खरोखर चढून ४० च्या वर गेलं तर त्याला उष्माघात म्हणतात. मग माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो, त्याला तातडीने दवाखान्यात न्यावं लागतं, आणि त्या वेळी त्याची जीभ कशी दिसते हे कुणी विचारत नाही. शिवाय हवेच्या तापमानाने जीभ सोलवटत असती तर थंड देशांत हा आजार दिसायलाच नको होता. प्रत्यक्षात बी-१२ च्या अभावाने गुळगुळीत, लाल, दुखऱ्या होणाऱ्या जिभेला आजही विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरचं नाव आहे. हंटरने दोष दिला तो दातांतल्या जंतूंना. तोही चुकलाच, पण लंडनच्या उन्हाला दोष द्यायची सोय त्याला नव्हती. उन्हाळ्याच्या बाजूने एवढंच मान्य करता येईल की पाणी कमी पडलं तर लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या जिभेला अन्न घासतं, टोचतं. तो त्रास दोन दिवस नीट पाणी प्यायल्यावर जातो. जो जात नाही, त्याचं कारण दुसरं असतं.

‘पण आग तर होते ना?’ हा आक्षेप येतोच आणि तो रास्त आहे. आग खरी असते, उष्णता नसते. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहीला चिकटतं, तीच ग्राही साधारण ४३ अंशांपुढची उष्णता ओळखते. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. म्हणजे तिखट लागलं काय आणि चटका बसला काय, मेंदूकडे निरोप एकच जातो. निरोगी जिभेवर बारीक केसांसारख्या उंचवट्यांचं दाट आवरण असतं. ते झडलं की खालचे चेतातंतू उघडे पडल्यासारखे होतात आणि एरवी जाणवलंही नसतं एवढं तिखट चटक्यासारखं लागतं. थंड सब्जाने त्याच तंतूंना थोडा वेळ आराम मिळतो. मिळू द्यावा, त्यात गैर काही नाही. पण आराम पडला म्हणून उष्णता होती, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता ते आवरण झडतं कशामुळे? सकाळच्या उजेडात आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहावी. फिकट गुलाबी, किंचित मखमली, वर पांढुरकी साय असेल तर ती ठीक आहे. कडेने किंवा सगळीच तुळतुळीत, चकचकीत, गोमांसासारखी लाल किंवा उलट अगदी पांढुरकी-फिकी दिसत असेल, तर हे उंचवटे नाहीसे झाले आहेत. या उंचवट्यांच्या पेशी फार झपाट्याने झिजतात आणि तितक्याच झपाट्याने नव्या बनतात. नव्या पेशी घडवायला लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ लागतं. यांपैकी काही कमी पडलं की सतत नव्याने बनणाऱ्या जिभेला त्याची झळ लवकर लागते. महाराष्ट्राचं चित्र पाहिलं तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. बी-१२ बद्दल पुण्यातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासून २००६ मध्ये निष्कर्ष छापले: ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. गरिबीचा आजार समजून ज्यांनी याकडे दुर्लक्ष केलं असतं, नेमक्या त्यांच्यातच तो जास्त निघाला. फॉलिक ॲसिडचा शोध तर याच राज्यात सुरू झाला. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली, गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणारा रक्तक्षय तिने अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये जाहीर केलं. त्या अर्कातलं द्रव्य फॉलिक ॲसिड आहे, हे पुढच्या दशकात कळलं.

यावर हमखास उत्तर येतं की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, मग जीभ आत्ताच कशी आली? बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो संपायला वर्षं लागतात. त्यामुळे कमतरता सुरू कधी झाली आणि दिसली कधी, यात मोठं अंतर पडतं. त्या मधल्या काळात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू झालेलं असतं, ॲसिडिटीची गोळी रोज रिकाम्या पोटी वर्षानुवर्षं चालू असते. दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं. वय वाढतं तसं ते शोषलं जाण्याचं प्रमाणही कमी होतं. मांसाहारी माणसालाही हे सगळं लागू आहे, तेव्हा ‘मी तर दर रविवारी मटण खातो’ हे काही प्रमाणपत्र नव्हे.

मग बी-कॉम्प्लेक्स घेतलं तर बिघडलं कुठे? पुष्कळदा काहीच बिघडत नाही. तोंडातले साधे फोड आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात आणि श्रेय गोळीला मिळतं, इतकंच. लघवी पिवळीजर्द होते ती त्यातल्या जास्तीच्या बी-२ मुळे, ‘उष्णता बाहेर पडते’ म्हणून नव्हे. पण कमतरता खरी असेल तर घोटाळा होतो. लोह कमी असेल तर साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये लोह नसतंच. बी-१२ फार कमी असेल किंवा शोषलंच जात नसेल, तर त्यातली अल्प मात्रा पुरत नाही. आणि सोबतचं फॉलिक ॲसिड रक्तातला दोष झाकून टाकतं. हिमोग्लोबिन सुधारतं, जीभही जरा बरी दिसते, पण बी-१२ अभावी मज्जातंतूंचं होणारं नुकसान चालूच राहतं. मग वर्षभराने पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि त्याचा जिभेशी संबंध कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि आता नागपूरचा स्वतःचा मुद्दा, तो म्हणजे खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळणारा हा ऐवज विदर्भाबाहेर फारसा कुणाला माहीत नाही, इथे मात्र तो कॉलेजच्या पोराच्या खिशातही सापडतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले, म्हणजे चारांत जवळपास एक. खर्रा खाणाऱ्याला ‘तिखट सहन होत नाही’ असं होऊ लागलं की तीही उष्णताच ठरते. खरं तर तिखटाने होणारी आग हे सबम्यूकस फायब्रोसिसचं अगदी सुरुवातीचं लक्षण आहे. या आजारात तोंडाचं आतलं अस्तर पांढुरकं, कडक होत जातं, जिभेवरचे उंचवटे झडतात, जीभ पूर्ण बाहेर निघत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी करून तोंडात मावतात का, हे घरी करून पाहता येतं. मावत नसतील तर सब्जा भिजवत बसू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. पेमास्टर यांनी अशा रुग्णांत कर्करोग होताना दिसतो हे १९५६ मध्येच नोंदवलं होतं. ‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हाही बचाव चालत नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं आहे. जिभेच्या कर्करोगाची आवडती जागा म्हणजे तिची कड. तिथलं व्रण तीन आठवड्यांत भरलं नाही, टोकदार दातावर दोष ढकलूनही भरलं नाही, हाताला कडक लागत असेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या म्हणजे ‘मेडिकल’च्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. तिथे दाखवायला उशीर होतो तो अंतरामुळे नव्हे, घरबसल्या निदान मिळाल्यामुळे.

कुणी म्हणेल, उष्णता नाकारणं म्हणजे आयुर्वेद नाकारणं. तसं ते नाही. वैद्याच्या अष्टविध परीक्षेत जिव्हा हा एक भाग आहे. उरलेले सात भाग तपासल्याशिवाय आणि आहार, झोप, मलमूत्र विचारल्याशिवाय चांगला वैद्यही निदान करत नाही. आपण घरी जे करतो त्यात ना वैद्यकी असते ना डॉक्टरकी.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. जिभेवर नकाशासारखे लाल चट्टे उमटतात आणि जागा बदलतात, तो संसर्ग नव्हे, निरुपद्रवी ठेवण आहे, औषध लागत नाही. पोट साफ नाही म्हणून जुलाबाचं औषध घेण्याचा जिभेशी काही संबंध नाही. पुसून निघणारा दह्यासारखा पांढरा थर बुरशीचा असू शकतो. दम्याचा पंप, रात्रीही न काढलेली कवळी किंवा वाढलेली साखर ही त्याची नेहमीची कारणं, आणि घासणीने खरवडून तो बरा होत नाही. स्पिरुलिनात बी-१२ भरपूर असतं ही जाहिरात आहे, त्यातलं बहुतेक शरीराला वापरता येत नाही. आणि जीभ काही मिनिटांत सुजून बोलणं, गिळणं जड झालं तर ती तोंड येण्याची तऱ्हा नव्हे. ती ॲलर्जी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांची प्रतिक्रिया असू शकते. अशा वेळी श्वास अडण्याआधी रुग्णालय गाठायचं.

करायचं काय, ते फार खर्चिक नाही. दुखरी जीभ असेतो मऊ, कोमट, बेताच्या मिठाचं जेवण, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशला सुट्टी आणि खर्रा बंद. दोन आठवड्यांत सुधारणा नसेल, किंवा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्राम, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, बी-१२ आणि साखर. हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून थेट लोहाची गोळी सुरू करू नये. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत आणि त्यांचं हिमोग्लोबिन लोह भरपूर असतानाही कमी असू शकतं. लोह खरंच कमी निघालं तर गोळी चहासोबत घ्यायची नाही, लिंबाच्या पाण्यासोबत चालते, आणि हिमोग्लोबिन भरून आल्यावरही साठ्यासाठी आणखी साधारण तीन महिने घ्यायची. बी-१२ सुईने घ्यायचं की जास्त मात्रेच्या गोळीने, हे कमतरता किती आणि कशामुळे यावर ठरतं. एक मात्र तपासणीला जाण्याआधीच पाळायचं: रक्त देईपर्यंत बी-कॉम्प्लेक्स सुरू करायचं नाही, आणि आधीच सुरू असेल तर किती दिवसांपासून ते डॉक्टरांना सांगायचं. नाहीतर अहवालात बी-१२ ठीक दिसतं, आणि त्या कागदाच्या भरवशावर घरातलं कुणीतरी पुन्हा सब्जा भिजत घालतं.