थायलंडच्या मंदिरांत मांजरं येतात कुठून, आणि त्यांचं करतं कोण?

बेळगाव-गोव्याकडून थायलंडला सहलीला जाऊन आलेल्यांच्या मोबाईलमध्ये असा एखादा फोटो सापडतोच: सोनेरी बुद्धमूर्ती, पुढे गार फरशी आणि तिच्यावर पाय ताणून झोपलेलं मांजर. फोटो छान येतो. पण ते मांजर तिथं आलं कसं, हे सहसा कुणी विचारत नाही. बऱ्याचदा उत्तर एकच असतं, कुणीतरी आणून सोडलं.

थाई भाषेत बौद्ध मंदिराला 'वाट' म्हणतात. आपली चालायची वाट नव्हे. पाली-संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, आपला 'वाडा' त्याच मुळातला. देशात अशी 40 हजारांवर मंदिरं आहेत. भिंतीच्या आत मोकळं अंगण, झाडं, भिक्षूंच्या खोल्या, आणि दिवसभर उघडं दार. घरच्या मांजरीला पिल्लं झाली, भाड्याची खोली बदलली, सांभाळणारं माणूस गेलं, की खोक्यात घालून अंधारात मंदिराच्या आवारात ठेवून यायचं, ही तिथली जुनी सवय. त्यामागे दुष्टपणाच असतो असं नाही. भिक्षू जीव घेणार नाहीत, हाकलणार नाहीत, चार घास तरी मिळतील, असा हिशेब असतो. तो अगदीच चुकीचाही नाही. भिक्षू पहाटे पात्र घेऊन निघतात, लोक त्यात भात, मासे, भाजी घालतात. दुपारी बारानंतर भिक्षू जेवत नाहीत. उरलेलं मंदिरातली माणसं आणि जनावरं खातात.

अडचण इथूनच सुरू होते. मांजराची मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत व्याते, एका खेपेला चार-पाच पिल्लं. थंड देशांत दिवस लहान झाले की माज थांबतो, थायलंडसारख्या उष्ण देशात तो जवळजवळ वर्षभर चालू. दोन माद्या सोडल्या तर डझनभर मांजरं व्हायला वेळ लागत नाही. गर्दी झाली की रोग शिरतो. पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूचा आजार लस न दिलेली पिल्लं पटापट नेतो. पर्यटकांना गोंडस पिल्लं दिसतात, त्यांतली किती मोठी होतात ते कोण बघतं?

बघतात ते स्वयंसेवक. शेजारच्या गल्लीतल्या आज्या, नोकरी सांभाळून संध्याकाळी येणारी मंडळी, सुटीच्या दिवशी वेळ देणारे जनावरांचे डॉक्टर. यांचं काम म्हणजे वाटीत खाणं टाकणं एवढंच, असा समज असेल तर तो चूक आहे. नुसतं खाऊ घालणारा माणूस, मनानं कितीही चांगला असला तरी, शेवटी मांजरांची संख्याच वाढवतो. ऐकायला कडू आहे, पण खरं आहे. मुख्य काम नसबंदीचं.

त्यासाठी आधी परवानगी लागते. मंदिराच्या प्रमुखांना 'चाओ आवात' म्हणतात, त्यातला 'आवात' म्हणजे आपला 'आवास'. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पिंजरा लावायचा नसतो, आणि गाठ इथंच बसते. थाई भाषेत पुण्याला 'बुन' आणि पापाला 'बाप' म्हणतात (हसू येईल, पण शब्द आपल्याकडचेच, पालीतून गेलेले). मांजराला खाऊ घालणं हे बुन, यावर कुणाचा वाद नाही. पण तिची पिशवी काढणं? काहींना तो सरळ बाप वाटतो. दुसऱ्या जिवाच्या जन्मात हात घालायचा आपल्याला काय अधिकार, असं ते विचारतात. प्रश्न टाकाऊ नाही. पण जन्मून आठवड्याभरात मरणाऱ्या पिल्लांचं काय, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

परवानगी मिळाली की कामाला लागायचं. खाण्याची वेळ आणि जागा एकच ठेवायची, म्हणजे मोजदाद होते आणि नवं मांजर आलेलं लगेच कळतं. भूल द्यायची असल्यानं आदल्या रात्री खाणं बंद, म्हणजे उपाशी मांजर वासाच्या माशासाठी पिंजऱ्यात शिरतंही. शिरलं की पिंजऱ्यावर कापड टाकायचं, अंधारात ते शांत होतं. ऑपरेशन झालं की भुलीतच एका कानाचं टोक सरळ कापतात. लांबूनच कळतं की याचं झालंय, पुन्हा पोट फाडायची वेळ येत नाही. रेबीजची लस देऊन एक-दोन दिवसांनी त्याच आवारात सोडतात. उचलून लांब नेलं तर मोकळ्या जागी आणि उरलेल्या भातावर दुसरी मांजरं येतातच. 2003 साली फुकेतमध्ये सुरू झालेली सोई डॉग फाउंडेशन ही संस्था फिरत्या दवाखान्यांतून बँकॉकमध्येही हे काम करते. नावात कुत्रा असला तरी मांजरांचीही नसबंदी करते.

औषधपाण्यातही शहाणपण लागतं. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल दिली तर ती गोळीच त्याचा जीव घेते.

एवढं करूनही दार उघडंच राहतं. थायलंडमध्ये 2014 सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. पाळलेला प्राणी विनाकारण सोडून देणाऱ्याला 40 हजार बाथपर्यंत दंड होऊ शकतो, आपल्या हिशेबानं लाखाच्या आसपास. पण पहाटे चार वाजता खोकं ठेवून जाणाऱ्याला पकडायचं कुणी? वीस मांजरांची नसबंदी करून हातावेगळी करावी, तर एकविसावी फाटकाशी हजर.

तिकडे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. थायलंडमध्ये रेबीज आहे. मंदिरातलं मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कानाचं टोक कापलेलं दिसलं तरी थांबू नका. ती नसबंदीची खूण आहे, या वर्षीची लस झाल्याची नव्हे.